फी भरण्याआधी

प्रिय बाय,

ऑनलाइन बी.कॉम.साठी त्या ॲपवाल्यांनी दिलेलं, तू पाठवलेलं माहितीपत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं. वेर्ण्याची ड्यूटी, डिचोलीपर्यंतचा बसप्रवास आणि वर पदवी, म्हणजे ऑनलाइन शिकण्याचा तुझा विचार चुकीचा नाही. मान्यता असेल तर अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. घोळ त्या ‘असेल तर’मध्ये आहे.

पत्रकावर ‘नॅक ए प्लस’ केवढ्या ठळक अक्षरांत छापलंय! नॅक ही मूल्यांकन परिषद शिक्षणसंस्थेचा दर्जा जोखते, तोही ठरावीक मुदतीपुरता. अमुक अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला परवानगी आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. ती परवानगी विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग (डीईबी) देतो. त्याच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नकोस. तुझा बी.कॉम. त्या यादीत आहे का, ‘ऑनलाइन’ म्हणूनच आहे का आणि याच सत्रासाठी आहे का, तिन्ही बघ. आयएसओचा शिक्का तर सोडूनच दे, त्याचा पदवीशी काडीचाही संबंध नाही.

विद्यापीठ खरं असूनही पदवी कशी बुडते ते सांगतो. अभिमत दर्जा असलेल्या चार विद्यापीठांनी आवश्यक मंजुरी न घेता पत्रद्वारे इंजिनिअरिंग शिकवलं. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षा द्यायला लावली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. तोवर त्यातले कित्येक जण नोकरीत मुरले असतील. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या ऑनलाइन देता येत नाहीत. कंपनीतल्या कुणी ‘घरबसल्या बी.फार्म.’ सुचवलं तर तिथूनच नमस्कार कर.

माझंही एकदा फसलं होतं. आमच्याकडे मोबाईलच्या दुकानावरच्या माडीवर एक ‘स्टडी सेंटर’ होतं. तिथे मी एका डिप्लोमाचे दोन हप्ते भरले. चवथीला गावी गेलो, परतलो तर माडीला कुलूप. पावतीवर विद्यापीठाचं नावच नव्हतं, आणि ते मी तोवर वाचलंही नव्हतं! फ्रँचाइझीवर अभ्यासक्रम चालवायला आयोगाची बंदी आहे, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून त्या ॲपच्या काउन्सेलरला एकच विचार: पदवीवर नाव कुठल्या विद्यापीठाचं येणार? कॉलेज आपल्या नावावर पदवी देऊ शकत नाही. उत्तर ईमेलवर माग. फी विद्यापीठाच्या खात्यातच भर, त्या ॲपच्या नव्हे. आणि 2024 पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी आयडी काढायचा असतो. ‘त्याची गरज नाही, आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेव.

सरकारी नोकरीचा विचार आहेच ना तुझा? तिथे 15 वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणी, सगळं बघतात, मग पदवी कशी सोडतील? गोव्यात इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, प्रादेशिक केंद्र आहे, तिथेही चौकशी कर. ऑफर शुक्रवारी संपते म्हणालीस. संपू दे. रविवारी येशील तेव्हा तो ईमेल छापून आण, मोबाईलवर मला बारीक अक्षरं दिसत नाहीत.

तुझा,
काका