जाळी हलकी झाली, पण लवते

प्रश्न : मी वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात काम करतो. यंत्राच्या आधारासाठी आम्ही भरीव ब्रॅकेटऐवजी आतून चौकोनी जाळी असलेला नायलॉनचा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर तयार केला. वजन पुष्कळ उतरले, पण बाजूने भार येताच तो लवतो आणि दांड्या जाड केल्या की वजन पुन्हा वाढते. हाडे आतून जाळीदार असूनही भार कसा पेलतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जाडी वाढवण्याआधी दांड्यांची मांडणी तपासा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या जाळीतील एकच घन घ्या. त्याला 8 सांधे आणि 12 दांड्या असतात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1864 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, सांधे बिजागरीसारखे फिरते मानले तर अशी चौकट ताठ राहण्यासाठी सांध्यांच्या तिपटीतून 6 वजा करून येतील तितक्या, म्हणजे 18 दांड्या लागतात. आपल्याकडे कमी पडणाऱ्या 6 दांड्या म्हणजे घनाच्या सहा बाजूंवरचे सहा कर्ण होत. परांची बांधणारे कारागीर उभ्या-आडव्या बांबूंवर तिरका बांबू आवळतात, तो याचसाठी.

सरळ उभ्या भाराखाली ही उणीव जाणवत नाही. बाजूने भार आला की मात्र कर्णाविना दांड्या वाकू लागतात. कर्ण असतील तर त्या मुख्यतः ताणल्या किंवा दाबल्या जातात. हा फरक फार मोठा आहे, कारण जाळीची घनता निम्मी केली असता वाकणाऱ्या जाळीचा ताठपणा ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येतो, तर ताण-दाबावर चालणाऱ्या जाळीचा निम्म्यावरच थांबतो.

हाड याच्याही पुढे जाते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळी शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मन फॉन मेयर यांच्या चित्रांत पाहून कार्ल कुलमान या अभियंत्याला 1860च्या दशकात वाकड्या क्रेनमधील ताण-दाबाच्या रेषा आठवल्या. पुढे 1892 मध्ये युलियस वोल्फ या शल्यचिकित्सकांनी हाड भारानुसार आपली घडण बदलते, असे मांडले. म्हणून सगळीकडे एकसारखी जाळी भरण्याऐवजी ब्रॅकेटवर भार कोणत्या दिशांनी येतो हे आधी काढावे, दांड्या त्या दिशांना दाट ठेवाव्यात आणि इतरत्र विरळ कराव्यात. सांध्यांशी थोडी गोलाई द्यावी, कारण तडा बहुधा तिथूनच जातो. उभ्या बाजूंवरचे 45 अंशांतील कर्ण सहसा आधाराशिवाय छापता येतात. कर्णांचे वजन इतर दांड्या बारीक करून भरून काढावे आणि जुना व नवा असे दोन्ही नमुने एकाच वजनाचे ठेवून बाजूने दाबून पाहावेत.