ओट्यावर आपलीच सावली

प्रश्न : आमचा जुना फ्लॅट रंगवायला काढलाय. पीओपीवाले हॉलमध्ये बारा गोल दिवे सुचवतायत. स्वयंपाकघरात छताच्या मधोमध ट्यूब आहे, तरी सासूबाई (वय 74) म्हणतात, ओट्याशी काही दिसत नाही. मोठी ट्यूब घ्यावी का?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, ट्यूबला हात लावू नका. आज रात्री ओट्याशी उभ्या राहून ताटात तांदूळ निवडायला घ्या. ट्यूब पाठीमागे, त्यामुळे डोक्याची सावली नेमकी ताटात! ट्यूब कितीही मोठी आणली तरी ती सावली हलणार नाही. सासूबाईंचं खरं आहे. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी एलईडी पट्टी लावा, भिंतीकडे नको. पट्टी उघडी ठेवू नका, दुधी कव्हरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे पट्टीसाठी मिळणाऱ्या पन्हळीत बसवा. काळ्या ग्रॅनाइटवर उघड्या पट्टीचे ठिपके मोजता येतात. मी इतरांना शहाणपण शिकवतो, पण आमच्याच घरी उघडी लावली होती. बायको अजून ऐकवते.

पट्टीच्या उजेडाचा रंग 4000 केल्विनचा घ्या, म्हणजे फार पिवळा नाही आणि निळसरही नाही. खोक्यावर सीआरआय 90 लिहिलेलं बघा; त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते सीआरआय सांगतो. हा आकडा कमी असला की रंग फसवतात. फोडणीतला कांदा गुलाबी झालाय की करपायला लागलाय, ते कळायला हवं ना!

हॉलचे बारा दिवे पीओपीवाल्याच्या नक्षीसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत. सहा पुरेत, तेही तीन-तीन वेगळ्या बटणांवर, 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. सासूबाई जिथे पोथी वाचतात त्या खुर्चीमागे एक प्लग पॉइंट काढा आणि उभा दिवा ठेवा. वयानुसार डोळ्यांना उजेड जास्त लागतो, पण उघड्या दिव्याची तिरीप सोसत नाही. म्हणून त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर दिवा नको. पलंगापासून संडासापर्यंत गुडघ्याखाली एक-दोन मंद दिवे आणि बेडरूमला टू-वे स्विच, म्हणजे एक बटण दाराशी, एक उशाशी. एवढं जरूर करा.

हे सगळं भिंती फोडायच्या आधी वायरमनला सांगा. स्वतः उभं राहून खडूने खुणा करून घ्या. वायरचे पाइप टाकून झाले की गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजायची टेप धरून. पुढे फ्रेमसाठी भिंतीत ड्रिल मारताना लागेल.