बापाला रजा मिळते का, आणि सरकारदरबारी त्याची नोंद कुठे असते?

बडोद्यात मकरपुऱ्यातल्या खासगी कारखान्यात नोकरी, पत्नीला सातवा महिना, रजेचं विचारायला गेलात तर एचआरवाला म्हणाला, "डिलिव्हरी तुमची आहे का?" तुमचा प्रश्न असा, की बापाला रजेचा हक्क आहे की नाही, आणि मूल वाढवण्यात सरकार त्याला कुठे धरतं का. माझी सारी नोकरी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, आस्थापनेच्या टेबलावर गेली. रजेचे अर्ज पुष्कळ पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नकोसं वाटणारं उत्तर. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायलाच हवी, असा कायदा आपल्याकडे नाही. आईसाठी १९६१चा कायदा होता, २०१७च्या दुरुस्तीने तिची रजा २६ आठवड्यांची झाली. बापाचं कलम त्यातही नाही, २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. पाळणाघराची गंमत तर ऐकाच. ५० किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय हवी. हे ५० मोजताना पुरुषही मोजतात, पण दिवसातून चार वेळा जाऊन मूल पाहायची मुभा फक्त बाईला.

केंद्र सरकारी नोकराला मात्र १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. रजा नियमांतला ४३-ए. हयात मुलं दोनपेक्षा कमी हवीत. बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत कधीही घ्या, पगार पूर्ण, दुसऱ्या रजेला जोडता येते, आणि रजेच्या खात्यातून एक दिवसही वजा होत नाही. मुदतीत घेतली नाही तर बुडाली. सहसा ती नाकारू नये असं नियमातच लिहिलंय, तरी कित्येक जण लाजेने हक्काची ईएल, म्हणजे साठलेली अर्जित रजा, टाकायचे आणि कारण लिहायचे "घरगुती काम"! सहकारी हसतील म्हणून पंधरा दिवसांवर पाणी. बालसंगोपन रजा, म्हणजे साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, पुरुषाला २०१८पासून मिळू लागली, तीही एकटा पालक असेल तरच. विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित. बायको घरात आहे ना, मग मूल तीच बघणार, हे नियमाने गृहीतच धरलंय.

हा नियम तुम्हाला लागू नाही, पण रजा सहा महिन्यांत कधीही घेण्याची त्यातली कल्पना तुमच्याही कामाची आहे. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पत्नी जळगावला नाहीतर नाशिकला, आणि बाप इथे खानावळीचा डबा खात बसलेला. दवाखान्यात दोन दिवस, बारशाला दोन दिवस, की संपली रजा. तिथे आजी असते, मावशी असते, तुम्हाला बाळ हातात मिळणार पेढे वाटून झाल्यावर! खरी ओढाताण ती तीन महिन्यांनी बडोद्याला परत आल्यावर. रात्रीची जागरणं, लसीच्या तारखा, आणि घरात तिसरं माणूस नाही. साठलेली हक्काची रजा त्या वेळेसाठी राखून ठेवा. अर्ज आत्ताच, लेखी किंवा ईमेलने द्या, आणि कारण स्पष्ट लिहा: मुलाचं संगोपन. कंपनीचं स्वतःचं धोरण असेल तर त्याची प्रत मागा. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत अशी रजा असते, लहान कारखान्यात विचारणाराच कोणी नसतो.

आता सरकार बापाला कुठे धरतं? सहीपुरतं अगदी पक्कं. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईकडे. एका आईने मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की बाप जिवंत असला तरी मुलाकडे बघत नसेल, तर आई पालक होऊ शकते. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की बापपण न्यायालयाने नुसत्या नावाऐवजी देखभालीवर मोजलं. आपल्या बडोद्यात तर सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीकडे आणि १९०६ साली राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. बापाला जबाबदार धरायची अक्कल इथे शंभर वर्षांपूर्वीच आली होती. रजा द्यायची तेवढी राहिली.

शेवटी एक व्यवहाराचं. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, बाळाचं नाव वर्षभरात फी न भरता घालता येतं. बाळंतपण जिथे होईल तिथेच ती नोंद होईल, हे सासरेबुवांनाही सांगून ठेवा. नोंद इथे झाली तर दाखला छापण्याआधी मसुदा स्वतः वाचा. गुजराती पद्धतीने आडनाव आधी येतं, आणि कारकून सवयीने बापाच्या नावाला "भाई" किंवा "कुमार" जोडून टाकतो. तुमच्या आधारवर नुसतं सचिन आणि मुलाच्या दाखल्यावर सचिनभाई असं झालं, की शाळेपासून पासपोर्टपर्यंत दुरुस्तीचे अर्ज करत बसाल.