भूकंपलहरी पृथ्वीच्या पोटातून सरळ रेषेत जातात का, आणि बाह्य गाभा द्रव आहे हे न खोदता कसे कळले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या ‘नाही’वरच उभे आहे.

भूकंपनाभीपासून, म्हणजे भूकंप जेथे सुरू होतो त्या जमिनीखालच्या जागेपासून, दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या अंतर्भागात शिरतात. प्राथमिक लहरींमध्ये खडकाचे कण लहरीच्याच दिशेने मागेपुढे दाबले व ताणले जातात. दुय्यम लहरींमध्ये ते लहरीच्या दिशेला काटकोनात हलतात. द्रवाला ठरावीक आकार नसल्यामुळे तो अशा आडव्या हालचालीला विरोध करत नाही, म्हणून दुय्यम लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. खोल खडक अधिक घनतेचा असतो म्हणून लहरी तेथे वेगाने जातात, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. नुसती घनता वाढली तर वेग उलट कमी होईल. प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या खडकाच्या जाड थरात, दाबामुळे खडकाची दृढता (आकार बदलण्यास होणारा विरोध) घनतेपेक्षा अधिक झपाट्याने वाढते, म्हणून प्राथमिक लहरींचा वेग वरच्या भागातील सेकंदाला सुमारे ८ किलोमीटरपासून तळाशी सुमारे १३.७ किलोमीटरपर्यंत जातो. वेग असा वाढत गेल्याने लहरीचा मार्ग वाकतो आणि ती खोल जाऊन पुन्हा पृष्ठभागाकडे वळते.

सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, जेथे प्रावरण संपून गाभा सुरू होतो, मात्र हा वेग एकदम सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास घसरतो. तेथे आत शिरणाऱ्या लहरी केंद्राच्या दिशेने वाकतात आणि पलीकडे दूरवर बाहेर पडतात. परिणामी अपिकेंद्रापासून (भूकंपनाभीच्या थेट वरच्या पृष्ठभागावरील बिंदूपासून), पृथ्वीच्या केंद्रापाशी मोजलेल्या सुमारे १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात थेट प्राथमिक लहरी पोहोचत नाहीत. यालाच छायाप्रदेश म्हणतात. थेट दुय्यम लहरी तर १०४ अंशांपलीकडे, म्हणजे साधारण साडेअकरा हजार किलोमीटरनंतर, कोठेच मिळत नाहीत.

या शोधाचा धागा आपल्याकडून निघतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपातील यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासून या लहरी वेगळ्या ओळखल्या आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा असल्याचे मांडले. बेनो गुटेनबर्ग यांनी १९१३ च्या सुमारास त्याची खोली ठरवली. मात्र ‘दुय्यम लहरी अडल्या आणि द्रव गाभा सापडला’ हे पाठ्यपुस्तकी कथन मला फार घाईचे वाटते, कारण गाभा मान्य झाल्यावरही तो घन असावा असे समजणारे पुष्कळ होते. १९२६ मध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी दाखवून दिले, की चंद्र-सूर्याच्या भरतीच्या ओढीला पृथ्वी ज्या प्रमाणात दाद देते, त्यावरून काढलेली तिची सरासरी दृढता ही भूकंपलहरींवरून काढलेल्या प्रावरणाच्या दृढतेपेक्षा बरीच कमी आहे. ही तूट भरून काढायची तर गाभा द्रव मानण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे छायाप्रदेशातही क्षीण प्राथमिक लहरी सापडू लागल्या. १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदी अभ्यासून डेन्मार्कच्या इंगे लेमन यांनी १९३६ मध्ये आणखी एका अंतर्गाभ्याची कल्पना मांडली. त्याची त्रिज्या आज सुमारे १,२२० किलोमीटर मानली जाते. तो घन असल्याचा भक्कम पुरावा १९७१ मध्ये मिळाला, आणि तोही एखाद्या लहरीच्या मार्गावरून नव्हे, तर १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर संपूर्ण पृथ्वीला सुटलेल्या मंद कंपनांच्या विश्लेषणातून.