पूरग्रस्त गावांना पाठवलेली मदत खरंच उपयोगी पडते का? याबद्दल कोणते गैरसमज आहेत?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोसायटीतून जुने कपडे, भांडी आणि धान्य गोळा करून विदर्भातल्या पूरग्रस्त गावात टेम्पो पाठवायचा आहे. पाठवण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. मी चंद्रपूर जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावरच्या धानाच्या गावात राहते आणि महिला बचत गटांचं काम करते. ऑगस्ट 2020 च्या पुरात आणि त्यानंतरही मदत येताना, वाटली जाताना आणि वाया जातानाही मी पाहिली आहे.

जुने कपडे पाठवू नका. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टणममध्ये अशा कपड्यांचे ढीग रस्त्यावर पडून राहिले होते. आमच्याकडेही थोड्या प्रमाणात तेच होतं. शाळेच्या ओल्या वर्गात गठ्ठे ठेवायला जागा नसते, निवडायला माणसं मोकळी नसतात, आणि दोन दिवसांत त्यांना वास सुटतो. घर गेलेल्या बाईला दुसऱ्याची विटलेली साडी पुढे होऊन घ्यावी लागते, तेव्हा तिची मान खाली जाते. द्यायचंच असेल तर नवं द्या: चादर, मच्छरदाणी, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, ताडपत्री.

विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना दुष्काळच आठवतो. पण 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये 204 माणसं नेली. 2020 मध्ये आमच्या गावात म्हणावा तसा पाऊसही नव्हता. वर मध्य प्रदेशात तो कोसळला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं गेलं, खाली गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा गावांत शिरली. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज तर एरवीही नदीने वेढलेलंच असतं. आभाळ कोरडं असताना पूर येऊ शकतो हे काठावरच्या माणसालाही पटत नाही, म्हणून लोक सामान हलवत नाहीत. बाहेरून येणाऱ्या मदतीत इशाऱ्याच्या भोंग्यासाठी कुणी पैसे दिलेले मला आठवत नाहीत.

दुसरा समज असा की गावकरी घाबरून पळत सुटतात, कुणी चोऱ्या करतं, आणि बाहेरची बोट येईपर्यंत सगळे हातावर हात धरून बसलेले असतात. बचाव पथकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्याशिवाय काही गावं निघालीच नसती. पण त्यांना पोहोचायला वेळ लागतो, आणि तोपर्यंत म्हाताऱ्यांना, लेकरांना काढतात ते शेजारी. आमच्याकडे ते काम मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची माणसं त्यांच्या डोंग्यांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, करतात, कारण पाणी कुठे ओढतं हे त्यांच्याएवढं कुणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञाने आयुष्यभर आपत्तींचाच अभ्यास केला, त्यांचंही हेच सांगणं होतं: संकटात लोक सहसा सैरावैरा होत नाहीत, एकमेकांना धरून राहतात. पुढच्या वेळी देणगी गोळा केलीत तर गावात राहतील असे लाइफ जॅकेट, दोर आणि चांगले टॉर्च घेऊन द्या.

आता जो गैरसमज मला सगळ्यात जास्त छळतो तो. टीव्हीवर ‘सरकारची मदत जाहीर’ अशी पट्टी दिसली की शहरातल्या नातेवाइकांचे फोन येतात, झालं ना तुमचं काम? जाहीर होणं आणि हातात पडणं यांच्यामध्ये पंचनामा असतो, यादी असते, आधारला जोडलेलं बँक खाते असतं, इ-केवायसी असते. आणि ती रक्कम नुकसानभरपाई नसते. 2022 ते 2026 साठीच्या केंद्राच्या निकषांत पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर कोरडवाहूला हेक्टरी 8,500 रुपये आणि बागायतीला 17,000 रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार कधी वाढवून देतं. 2022 मध्ये कोरडवाहूला 13,600 रुपये आणि तीन हेक्टरपर्यंत दिले होते. पण नांगरणी, चिखलणी, पऱ्हे (रोपं), रोवणीची मजुरी आणि खत यांचा हिशेब कुठल्याही धानवाल्याला विचारा. शेत पुन्हा उभं करायला हे पैसे पुरत नाहीत. पीक विमा तर वेगळीच गोष्ट; सरकारी मदत मिळाली म्हणजे विमाही मिळणार, किंवा एक मिळाला म्हणून दुसरं बुडालं, असं काही नसतं.

पंचनाम्याचंही तसंच. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन गेले की ते काम संपलं असं सगळे धरून चालतात. पण मातीच्या भिंती पाण्यात असताना कितीदा तग धरतात आणि पाणी उतरून ऊन पडलं की पडतात. आमच्या आळीतली कवेलूची (कौलारू) घरं अशीच, पंचनामा होऊन गेल्यावर, एकेक करून बसली. तोवर ती कागदावर ‘अंशतः पडझड’ झालेली असतात. 2022 ते 2026 च्या त्याच निकषांनुसार अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4,000 रुपये आणि सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये, इतका फरक आहे. म्हणून आमच्या गटातल्या बायांना मी सांगते, घर पडलं की तारीख दिसेल असा फोटो काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या मुलांनी चार दिवस गावात बसून हे अर्ज लिहून दिले, तर ते धान्याच्या गाडीपेक्षा मोठं काम होईल. खरंच सांगते.

आणि ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याचं काय? ठेक्याने किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) दुसऱ्याचं शेत करणाऱ्याचं बियाणं गेलं, घाम गेला, पण पैसे येतात मालकाच्या खात्यात. काही मालक आणून देतात, काही देत नाहीत. रोवणी, निंदणीवर जगणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीला तर पंचनाम्यात रकानाच नाही, आणि धान गेलं म्हणजे तिची कापणीची मजुरीही गेली. ढिवरांच्या बोटी आणि जाळ्यांसाठी निकषांत तरतूद आहे, पण ती सांगायला त्यांच्या दारात कुणी जात नाही. लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांची आठवड्याची वसुली मात्र थांबत नाही. एका कंपनीचा माणूस चिखल वाळायच्या आत आमच्या गटातल्या एकीच्या दारात उभा होता. तिने हप्ता भरायला शेळी विकली. ही माणसं मदतीच्या फोटोत नसतात, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की गाव सावरलं.

रोगराईबद्दलही भीती चुकीच्या जागी असते. पुरात दगावलेल्या माणसांच्या मृतदेहांमुळे साथ पसरते म्हणून घाईघाईत अंत्यविधी उरकायला लावतात; जागतिक आरोग्य संघटना सांगते की तसं सहसा होत नाही. घात करतं ते पिण्याचं पाणी. विहिरीचा गाळ उपसणं, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं, हातपंप शुद्ध करणं हे आधी. मेलेली जनावरं मात्र पाण्यापासून लांब, खोल पुरायला हवीत. ज्यांची जनावरं वाचतात त्यांना चाऱ्याची चिंता असते, कारण तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग कुजलेले असतात आणि नवीन तणस यायला धानच उरलेलं नसतं. चाऱ्याची गाडी घेऊन येणारे फार थोडे.

म्हणून तुमच्या टेम्पोबद्दल माझं मत असं. पहिल्या आठवड्यात शिजवलेलं अन्न आजूबाजूची गावंच पुरवतात. तुम्ही जमवलेल्या पैशांतले थोडे आत्ता मोटरपंप आणि पाण्यासाठी द्या, बाकीचे राखून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये या. तेव्हा बातम्या संपलेल्या असतात आणि हरभरा, लाखोळी, जवस पेरायची वेळ झालेली असते. बियाणं तालुक्याच्या दुकानातूनच घ्या, म्हणजे इथल्या दुकानदाराचाही धंदा चालू राहील. यादी करताना एकट्या पुढाऱ्याकडून घेऊ नका; ग्रामसभेत वाचून दाखवा, ठेक्याने शेत करणारे आणि मजूर बाया यांची नावं आहेत का ते विचारा. आणि निघण्याआधी त्या गावच्या आशाताईंना फोन करा. कुठल्या घरी बाळंतीण आहे आणि कुणाच्या मधुमेहाच्या गोळ्या पुरात गेल्या, हे त्यांना नावानिशी माहीत असतं.