'घाट' हा एकच शब्द आहे का? डोंगरातला घाट, नदीचा घाट आणि 'कथेचा घाट' यांचा एकमेकांशी काय संबंध?

मी वाईचा, त्यामुळे पहिले दोन घाट रोजचेच, पाचगणीला चढणारा पसरणीचा आणि ढोल्या गणपतीपुढचा कृष्णेचा. तिसरा आमच्या घरातला, कारण वडील तांबटकाम करायचे, म्हणजे तांब्याची भांडी घडवायचे. त्याच्यावरनंच साताऱ्याला कॉलेजात मराठीच्या एका सरांशी माझं वाजलं होतं. ते म्हणाले, घाट हा समीक्षकांनी 'फॉर्म'साठी काढलेला शब्द, भांड्याला आकार म्हणायचं. मी उठून विचारलं, आमच्याकडं गिऱ्हाईक हंडा हातात घेऊन 'घाट चांगलाय' म्हणतं, ते कुठली समीक्षा वाचून आलंय? तर म्हणे ते बोलीतलं झालं. बोलीतलं म्हणजे काय हो, शब्द येतो कुठनं मग?

तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो, मग भट्टीत लाल करून मऊ करायचा, परत ठोकायचा, असं करत करत पोट फुगवायचं, गळा आवळायचा, काठ वळवायचा आणि सगळ्यात शेवटी मठारायचं, म्हणजे हलक्या हातानं सगळीकडनं ठोकून घ्यायचं. एकाच मापाचे, एकाच वजनाचे दोन हंडे शेजारी ठेवले तरी वडील एकाला घाट आहे म्हणायचे आणि दुसऱ्याला नाही, कारण त्याच्या पोटाला तो गळा शोभत नसायचा. आकार तर दोघांनाही होता की! कवितेचा घाट म्हणतात तो हाच, कुठला भाग कुठं आणि किती, याचा मेळ.

तर हा घाट संस्कृत 'घट्' धातूच्या कुळातला, अर्थ जुळणे, घडणे. घडण, घडवणे, घटक, राज्यघटना सगळी त्याचीच भावंडं. गुजरातीतसुद्धा घाट म्हणजे आकार, घडण. 'लग्नाचा घाट घातला' म्हणतो तोही मी यातच धरतो. नदीचा घाट मात्र 'घट्ट'वरून, म्हणजे पाण्यात उतरायची जागा, आणि डोंगर चढायउतरायच्या वाटेला तेच नाव लागलं. म्हणून माझ्या मते शब्द दोन, उच्चार एक.

सरांनी 'फॉर्म'साठीच्या 'आकृतिबंध' या शब्दाबद्दल असं म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो, तो पंडितीच शब्द आहे. घाटाबद्दल कुणी असं बोललं तर त्याला पुण्याच्या तांबट आळीत घेऊन जा आणि कारागिरालाच विचारू द्या. आणि हो, समीक्षकांनी हा शब्द उचलला याबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगलंच केलं, फक्त कारागिरांकडनं घेतला एवढं वर्गात सांगत जा.