ऑनलाइन साहित्य वापरताना मुलांना इंटरनेटची जबाबदारी कशी शिकवावी?

दापोलीजवळच्या शाळेत सातवीला शिकवताना हे कसे साधावे, असे आपण विचारले आहे. धडे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर आणि संदर्भ मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मिळतात, अवघड आहे ती पडताळणीची सवय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्या वेळचे एखादे छायाचित्र वर्गात दाखवून, ते प्रथम कधी प्रकाशित झाले हे गूगलच्या इमेज सर्चवर मुलांकडूनच शोधून घ्यावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला वादळाचा इशारा हवामान विभागाच्या संकेतस्थळाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये, हे तिथेच सांगावे. (पावसाळ्यात रेंज जातेच, म्हणून पाने आधीच डाउनलोड करून ठेवावीत.) ओटीपी कोणालाही देऊ नये, पैशांची फसवणूक झाल्यास पालकांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.